दम्याच्या रुग्णाची शुश्रूषा कानांपासून सुरू होते

रात्रपाळीत दम्याचा रुग्ण आला की मी पहिला प्रश्न अगदी साधा विचारते. "काका, कधीपासून होतंय, सांगा बरं." उत्तरात काय आहे, इतकंच ते कसं येतंय, याकडेही माझं लक्ष असतं. "संध्याकाळपासून धाप लागलीय, पंप घेतला पण उतार नाही," असं एका दमात सांगता आलं तर हाताशी थोडा वेळ आहे. "संध्याकाळ... पासून... धाप..." असे शब्द तुटत आले तर अटॅक गंभीर आहे. आणि नुसतीच मान हलली, तर नाव-पत्ता-वय सगळं नंतर. आधी ऑक्सिजन आणि डॉक्टरांना हाक.

बोटाला ऑक्सिमीटर लावायच्या आधीच ही तपासणी झालेली असते. दम्याच्या शुश्रूषेत यंत्रं लागतात, औषधं तर लागतातच. पण नर्सचे कान आणि डोळे जागे नसतील तर या दोन्हींचा उपयोग उशिरा होतो. घरात दम्याचा रुग्ण असलेल्यांनाही हे शिकता येतं, म्हणून हा लेख नर्सिंगच्या विद्यार्थ्यांइतकाच त्यांच्यासाठीही आहे.

आधी छातीत काय चाललंय ते पाहू. फुप्फुसांत हवा नेणाऱ्या श्वासनलिका झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत फुटत बारीक होत जातात. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्यांना आतून कायमची सूज असते, बरं वाटत असतानाही. त्यामुळे त्या हळव्या झालेल्या असतात. धूर, धूळ, परागकण, सर्दीचा विषाणू, थंड हवा, असं काही लागलं की तीन गोष्टी एकदम होतात: नळीभोवतीचे स्नायू आवळले जातात, आतलं अस्तर आणखी सुजतं आणि चिकट कफ साचतो. वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून हवा जाताना जो शिट्टीसारखा आवाज येतो, ती घरघर.

रुग्ण म्हणतो, "श्वास घेता येत नाही." गंमत अशी, की मूळ अडचण श्वास सोडण्याची असते. श्वास घेताना छाती फुगते तशा नळ्याही जराशा रुंदावतात. सोडताना त्या आकसतात. आधीच अरुंद झालेली नळी आणखी आकसली की हवा आत अडकून राहते. पुढचा श्वास त्या अडकलेल्या हवेवर घ्यावा लागतो. तुमची प्रकृती ठणठणीत असेल तर करून पाहा: छाती भरून श्वास घ्या, त्यातला पाव हिस्साच सोडा, त्यावर पुन्हा श्वास घ्या, पुन्हा पावच सोडा, आणि आता एखादं वाक्य बोला. तीन-चार श्वासांतच जीव कासावीस होतो. तुम्ही हवं तेव्हा थांबू शकता, दम्याच्या रुग्णाला ती सोय नसते. हे एकदा स्वतःच्या छातीत अनुभवलं, की "घाबरू नका, शांत राहा" हे आपण किती सहज बोलून जातो ते कळतं.

औषधांचे दोन मुख्य प्रकारही यातूनच समजतात. सॅल्ब्युटामॉलसारखी औषधं आवळलेले स्नायू सैल करतात. काही मिनिटांत आराम पडतो आणि तो साधारण 4 ते 6 तास टिकतो. सूज उतरवण्याचं काम मात्र स्टेरॉइडचं, आणि त्याला वेळ लागतो. पहिलं औषध वाट मोकळी करतं, पण सूज जिथल्या तिथे राहते. पुढचा सगळा घोळ या फरकातून होतो, त्याकडे नंतर येते.

अटॅक चालू असताना

रुग्णाला आडवं करू नका. धापेचा माणूस स्वतःहून उठून बसतो, पुढे वाकतो, हात गुडघ्यांवर टेकवतो, कारण हातांना आधार मिळाला की खांद्यांचे आणि मानेचे स्नायू छाती उचलायला मोकळे होतात. त्याच्या शरीराने शोधलेली ही बैठक आपण सोयीची करून द्यायची. पलंगाची पाठ उभी करायची, समोर टेबल सरकवून त्यावर उशी ठेवायची, म्हणजे त्याला हात आणि डोकं टेकता येतं. गळ्याजवळचे कपडे सैल करायचे, भोवतीची गर्दी हटवायची. आणि त्याला एकटं सोडायचं नाही. काही आणायला जायचं असेल तर दुसऱ्या कुणाला जवळ उभं करून मगच जायचं. कुणीतरी शेजारी आहे आणि त्या माणसाचा आवाज घाबरलेला नाही, यानेही श्वासाची घाई थोडी कमी होते.

श्वास मोजताना रुग्णाला सांगू नका. मी मनगट नाडी पाहिल्यासारखं धरून ठेवते आणि छातीकडे बघत पूर्ण 60 सेकंद मोजते. 15 सेकंद मोजून चारने गुणण्याची सवय इथे नको. धाप लागलेल्या माणसाचा श्वास एकसारखा नसतो. मोठ्या माणसात श्वास मिनिटाला 30 च्या वर, नाडी 120 च्या वर, ऑक्सिजन 90 टक्क्यांच्या खाली, यांतलं काही दिसलं तर अटॅक गंभीर धरायचा. मानेचे स्नायू ताणलेले दिसतात का, गळ्याच्या खालची खळगी श्वासागणिक आत ओढली जाते का, घामाने कपडे भिजलेत का, हे सगळं त्याच एका मिनिटात टिपून घ्यायचं.

ऑक्सिजन ठरल्याप्रमाणे, मोजून द्यायचा. मोठ्यांमध्ये साधारण 93 ते 95 टक्के, लहान मुलं आणि गरोदर स्त्रियांमध्ये 94 ते 98 टक्के हे लक्ष्य असतं. 100 दिसलं म्हणजे आपण चांगलं काम केलं असं नाही. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजनमुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू शकतो.

रुग्ण ज्याला सरसकट "वाफ" म्हणतात, ती नेब्युलायझरची वाफ म्हणजे औषधाचे बारीक तुषार. अटॅक सौम्य ते मध्यम असेल तर इनहेलर (म्हणजे पंप) आणि स्पेसर, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी, यांनीही तितकंच काम होतं: पहिल्या तासात दर 20 मिनिटांनी 4 ते 10 पफ, एका वेळी एकच. हे खूप जणांना पटत नाही. मशीनचा आवाज आणि डोळ्यांना दिसणारे तुषार यांनी उपचार झाल्यासारखं वाटतं. पण स्पेसर हाताशी आहे आणि नेब्युलायझर शोधायला दहा मिनिटं लागणार आहेत, तर स्पेसर उचला. ती दहा मिनिटं फार मोलाची असतात.

नेब्युलायझर लावलाच तर मास्क नीट बसलाय का ते बघा. औषधात इप्राट्रोपियम (नळ्या सैल करणारं आणखी एक औषध) असेल आणि मास्क नाकाजवळ सैल असेल, तर तुषार डोळ्यांत जातात; दृष्टी धूसर होते आणि काचबिंदू असलेल्याला त्याचा जास्त त्रास होऊ शकतो. सॅल्ब्युटामॉलने हात थरथरतात, छातीत धडधडतं. हे आधीच सांगून ठेवलं तर रुग्ण त्या धडधडीने आणखी घाबरत नाही. वारंवार डोस दिले तर रक्तातलं पोटॅशियम उतरू शकतं, म्हणून ते तपासायला सांगितलंय का याची आठवण आपण ठेवायची.

स्टेरॉइड शक्यतो पहिल्या तासातच जायला हवं. त्याचा परिणाम दिसायला 4 तासांच्या आसपास लागतात, म्हणून जितकं लवकर तितकं बरं. गिळता येत असेल तर गोळीही इंजेक्शनइतकंच काम करते. "साधी गोळीच दिली" म्हणून नातेवाईक खट्टू होतात, त्यांना हे समजावून सांगायचं. एवढ्यानेही उतार पडला नाही तर डॉक्टर शिरेतून मॅग्नेशियम सल्फेट देतात, बहुधा 20 मिनिटांत सावकाश. त्या वेळात रक्तदाबावर नजर हवी.

शांत छाती

हा भाग मी जरा थांबून सांगणार आहे.

नोकरीचं माझं पहिलंच वर्ष होतं. एक काका दोन तासांपासून धापत होते, त्यांची घरघर खोलीच्या दारापर्यंत ऐकू यायची. पहाटेच्या सुमारास ती थांबली. काकांनी डोळे मिटले होते, मान उशीवर कलली होती. मला वाटलं, चला, उतार पडला. मी चार्टवर तसं लिहिलंही. तेवढ्यात फेरीवर आलेल्या आमच्या मोठ्या सिस्टर दारातच थबकल्या. त्यांनी काकांच्या छातीवर हात ठेवला. छाती जेमतेम हलत होती. "काका, डोळे उघडा," म्हटल्यावर त्यांनी उघडले आणि लगेच मिटले. सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "आवाज गेला नाहीये, हवा गेलीये." पुढच्या काही मिनिटांत त्यांना अतिदक्षता विभागात हलवलं. ते वाचले. चार्टवरची ती ओळ मी नियमाप्रमाणे खोडून, सही करून, दुरुस्त केली. पण मला ती अजून जशीच्या तशी आठवते.

घरघर ऐकू यायला नळीतून हवा वाहावी लागते. नळ्या जवळजवळ बंद झाल्या की आवाजही बंद होतो. म्हणून घरघर कमी झाली की लगेच दुसरा प्रश्न विचारायचा: रुग्ण बोलतोय का? वाक्यं लांब झाली, रंग सुधारला, पाणी मागितलं, तर खरा उतार. घरघर थांबली आणि माणूस गुंगल्यासारखा झाला, गोंधळून बोलू लागला, ओठ निळसर दिसू लागले, तर हा धोक्याचा शेवटचा टप्पा आहे. ऑक्सिजन चालू असेल तर ऑक्सिमीटरवर आकडा तेव्हाही बरा दिसू शकतो, तेवढ्यावर विसंबू नका.

रक्ताच्या तपासणीतही अशीच एक फसगत असते. अटॅकच्या सुरुवातीला श्वास भराभर चालतो, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड कमी झालेला असतो. रुग्ण अजून धापतोय आणि हा आकडा नॉर्मल आलाय, तर हायसं वाटून घ्यायचं नाही. याचा अर्थ तो थकत चाललाय. आणि म्हणूनच बेचैन रुग्णाला झोपेचं औषध द्यायचं नाही. तो बेचैन आहे कारण त्याला हवा मिळत नाहीये; गुंगी आणून आपण त्याचा उरलासुरला जोरही काढून घेऊ.

लहान मुलांना वाक्यं बोलून दाखवता येत नाहीत, तिथे वेगळं वाचावं लागतं. दूध ओढताना बाळ मध्येच सोडून देतं, रडणं तोकडं आणि बारीक होतं, नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते. नेहमी दंगा करणारं मूल आईच्या खांद्यावर मुकाट पडून राहिलं, तर तीही शांत छातीइतकीच गंभीर खूण समजायची.

अटॅक उतरल्यावर

धाप थांबली, रुग्ण जेवला, रात्री झोप लागली. आता सगळ्यांना घरी जायची घाई. माझ्या मते नर्सचं सगळ्यात महत्त्वाचं काम नेमकं इथे सुरू होतं, आणि नेमकं इथेच ते घाईत उरकलं जातं.

"पंप कसा घ्यायचा माहितीये ना?" असं विचारलं की प्रत्येक जण हो म्हणतो. विचारू नका. "घेऊन दाखवा," म्हणा. एक मावशी सहा वर्षांपासून पंप वापरत होत्या. त्यांनी टोपण काढलं, पंप तोंडात धरला, खोल श्वास घेतला, आणि श्वास संपल्यावर पंप दाबला. ओठांच्या कोपऱ्यातून पांढरे तुषार बाहेर आले. सहा वर्षं औषध बहुधा असंच जिभेवर आणि हवेत जात होतं, आणि "मला पंप लागूच पडत नाही" अशी त्यांची तक्रार होती. यात त्यांची काही चूक नव्हती. त्या पंप कसा घेतात हे कुणी कधी बघितलंच नव्हतं.

दाबून फवारा सोडणाऱ्या पंपाची रीत अशी. टोपण काढून पंप नीट हलवायचा. श्वास सावकाश पूर्ण बाहेर सोडायचा, पंपात नव्हे. ओठ घट्ट मिटून सावकाश श्वास आत ओढायला लागायचं आणि लागताच एकदा दाबायचं. ओढणं तसंच चालू ठेवायचं. मग 10 सेकंद श्वास रोखायचा. दुसरा पफ अर्ध्या ते एका मिनिटाने. दाबणं आणि ओढणं यांचा मेळ बसत नसेल तर स्पेसर वापरायचा, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांनीही तो वापरावा, त्यात लहान मुलांचं असं काही नाही. स्पेसर साबणाच्या पाण्यात धुवून तसाच वाळू द्यायचा. फडक्याने पुसला तर प्लास्टिकवर स्थिर वीज तयार होते आणि औषध भिंतीलाच चिकटून बसतं.

भुकटीच्या इनहेलरची रीत बरोबर उलटी: तिथे श्वास जोरात आणि खोल ओढावा लागतो, कारण भुकटी उधळायचं काम तुमचा श्वासच करतो. एकाच रुग्णाकडे दोन्ही प्रकार असले की तो हमखास गोंधळतो, म्हणून शक्य असेल तर दोन्ही औषधं एकाच प्रकारच्या साधनातून मिळतील का, हे डॉक्टरांना विचारून पाहावं.

हा फवाऱ्याचा पंप तसा फार जुना नाही. 1950 च्या दशकात अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या 13 वर्षांच्या दमेकरी मुलीने विचारलं, की माझं औषध केसांच्या स्प्रेसारखं का नाही मिळत? 1956 मध्ये असा पंप बाजारात आला. त्याआधी काचेचे नाजूक, रबरी फुगा दाबायचे नेब्युलायझर सांभाळावे लागत.

पंप संपला हे ओळखणंही शिकवावं लागतं. औषध संपलं तरी आतला वायू उरतो आणि फवारा उडतच राहतो. पाण्यात तरंगतो का हे पाहून काही कळत नाही. डोसाचा आकडा दाखवणारा पंप घ्यावा, नाहीतर पफ मोजून लिहून ठेवावेत.

आता मघाशी म्हटलेला घोळ. निळा किंवा तसा झटपट आराम देणारा पंप रुग्णाला आवडतो, कारण त्याचा गुण लगेच कळतो. स्टेरॉइडचा पंप घेतल्यावर त्या क्षणी काहीच जाणवत नाही, म्हणून तो कपाटात पडून राहतो. त्यात "स्टेरॉइड" हा शब्द ऐकून घाबरलेले असतात, "पंपाची सवय लागते" असं कुणीतरी सांगितलेलं असतं. मी त्यांना आकडे सांगते. पंपातल्या स्टेरॉइडचा डोस मायक्रोग्रॅममध्ये असतो, बहुतेकदा दिवसाला काहीशे. अटॅक आल्यावर जी गोळी घ्यावी लागते ती मिलिग्रॅममध्ये, मोठ्यांना दिवसाला 40 ते 50 पर्यंत. आणि 1 मिलिग्रॅम म्हणजे 1000 मायक्रोग्रॅम. शिवाय पंपाचं औषध थेट नळ्यांत जातं. ज्याला स्टेरॉइड टाळायचंय त्याने पंप नियमित घ्यावा. घेतल्यावर चूळ भरून थुंकावी, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी धरते, घसा बसतो. सवयीचं म्हणाल, तर व्यसन लागतं तशी सवय याची लागत नाही. चष्म्याची जशी गरज असते तशीच ही गरज.

1993 पासून दम्याच्या उपचारांवर काम करणाऱ्या "जीना" या जागतिक गटाने 2019 मध्ये मोठा बदल सुचवला: मोठ्यांना आणि किशोरवयीनांना नुसता सॅल्ब्युटामॉलचा पंप देऊन भागवू नका, प्रत्येकाच्या उपचारात श्वासावाटे घ्यायचं स्टेरॉइड असायला हवं. म्हणून नळ्या सैल करणारं फॉरमोटेरॉल आणि स्टेरॉइड एकत्र असलेला पंप आता बऱ्याच जणांना गरजेच्या वेळीही दिला जातो. मी रुग्णाला विचारते, "गेल्या वर्षात आरामाचे किती पंप संपले?" तीन किंवा जास्त असतील तर पुढचा अटॅक येण्याचा धोका वाढलेला आहे, महिन्याला एक संपत असेल तर जिवाचा धोका आहे. हा आकडा डॉक्टरांपर्यंत नर्सनेच पोचवायला हवा, कारण रुग्ण तो आपणहून सांगत नाही.

दमा आटोक्यात आहे का, हे पाहायला गेल्या चार आठवड्यांबद्दल चार प्रश्न पुरतात. दिवसा आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा त्रास झाला का? रात्री खोकल्याने किंवा धापेने जाग आली का? आरामाचा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा लागला का? जिना, खेळ, कामं टाळावी लागली का? यांतल्या एकाचंही उत्तर हो असेल तर दमा पूर्ण आटोक्यात नाही, रुग्ण कितीही "ठीक आहे हो" म्हणाला तरी.

ज्यांना अटॅक आल्याचं उशिरा जाणवतं, त्यांच्यासाठी पीक फ्लो मीटर, म्हणजे श्वास किती जोरात बाहेर सोडता येतो ते मोजणारं छोटं साधन, चांगला. जोरात फुंकर मारायची, तीनदा, आणि सर्वांत मोठा आकडा लिहायचा. स्वतःच्या सर्वोत्तम आकड्याच्या 80 टक्क्यांवर असाल तर ठीक, 50 ते 80 मध्ये सावध, 50 च्या खाली लगेच दवाखाना.

त्रास कशाने होतो ते ज्याचं त्याने शोधायचं असतं; सगळ्यांना सगळंच बाधत नाही. धूर मात्र सगळ्यांनाच वाईट. औषधांबद्दल आवर्जून विचारा. काहींना ॲस्पिरिन आणि तशा वेदनाशामक गोळ्यांनी अटॅक येतो. रक्तदाबाच्या काही गोळ्या आणि काचबिंदूचे काही थेंबही नळ्या आवळतात. डोळ्यांत घालायचे थेंब हे औषध आहे असं लोकांच्या मनातच येत नाही, म्हणून "डोळ्यांत काही घालता का?" असं वेगळं विचारावं लागतं. गरोदर स्त्रिया बाळाच्या काळजीने पंप बंद करतात. त्यांना सांगा, बाळाला जास्त धोका आईच्या आटोक्याबाहेर गेलेल्या दम्याचा असतो.

घरी पाठवताना हातात कागद हवा, तोंडी सांगितलेलं दारापर्यंतही टिकत नाही. रोजचं औषध कोणतं, त्रास वाढला तर काय वाढवायचं, आणि काय दिसलं तर घरी थांबायचं नाही: पंपाचा गुण तीन-चार तासही टिकत नसेल, बोलताना वाक्य तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील. स्टेरॉइडच्या गोळ्या मोठ्यांना 5 ते 7 दिवस, मुलांना 3 ते 5 दिवस दिल्या जातात; बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. मोठ्यांनी आठवड्याच्या आत, मुलांना एक-दोन दिवसांतच पुन्हा दाखवायचं.

आणि पुन्हा आले की पिशवीतून पंप काढायला लावायचा. शिकवलेलं चार-सहा आठवड्यांत विसरायला होतं, चुका परत येतात. त्या मावशीही परत आल्या होत्या. मी काही बोलायच्या आधी त्यांनीच पंप काढला, हलवला, श्वास सोडला, ओठ मिटून ओढायला लागल्या आणि दाबला. दहा सेकंद त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओठांच्या कोपऱ्यातून काही बाहेर आलं नाही.